रथाचा दोर

चैत्राचे ऊन किती कडक असते ते नाशिककरांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर पाय ठेववत नाही. पण पहाटेच्या वेळी पंचवटीतल्या गणेशवाडीच्या फूलबाजारात गेलात, तर जिवाला गार वाटेल. झेंडूचे ढीग लागलेले असतात. निशिगंधाच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधलेल्या असतात. मोगऱ्याच्या कळ्या तर पाटीत झाकूनच ठेवतात, कारण ऊन लागले की त्या उमलतात आणि मग त्यांचा गजरा नीट होत नाही.

नाशिकचे आणि फुलांचे नाते जुने आहे. मुघलांच्या अमलात या गावाला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक हेच नाव चालू झाले. गुलशनाबाद हे नाव आता पुस्तकात राहिले. फुले मात्र गेली नाहीत. दिंडोरी तालुक्यात जानोरीच्या बाजूला गुलाबाची शेती होते, आणि तिथले गुलाब लांबलांबच्या शहरांत जातात.

आज आपण फुलांनी सजणाऱ्या दोन रथांची माहिती वाचू. एक रामरथ आणि दुसरा गरुडरथ. हे रथ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिले असतील. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीची हकिगत आपल्याला ठाऊक असतेच असे नाही, म्हणून हा धडा.

प्रथम दिवस कोणता ते पाहू. भिंतीवरचे कॅलेंडर काढा. गुढी पाडव्यापासून नऊ दिवस मोजा, म्हणजे रामनवमी येते. या नऊ दिवसांना वासंतिक नवरात्र म्हणतात. रामनवमीच्या पुढे दशमी, आणि मग एकादशी. या एकादशीच्या चौकटीत ‘कामदा एकादशी’ असे छापलेले सापडेल. त्या दिवशी नाशिकची रथयात्रा निघते. ‘कामदा’ हा शब्द बोट ठेवून वाचा. सोपा आहे.

रथ निघतात पंचवटीतल्या काळाराम मंदिरातून. हे मंदिर पेशवाईतले सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधले. दगड काळा आहे, तो रामशेजच्या डोंगरातून आणला. आतली रामाची मूर्तीही काळ्या पाषाणाची आहे, म्हणून काळाराम. मंदिराभोवती मोठा तट आहे आणि तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. हे चार दरवाजे ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गोष्ट यायची आहे.

रथयात्रेच्या दिवशी सकाळपासून रथ सजवायला घेतात. रथ लाकडी आहेत. त्यांना झेंडूच्या माळा, आंब्याची पाने, केळीचे खांब लावतात. आता विजेचे दिवेही असतात. पण आम्हांला विचाराल तर रथाला खरी शोभा फुलांनीच येते. दिवा लांबून दिसतो, पण फुलाचा वास रथ जवळ आला की अंगावर येतो, आणि डोळे नसलेल्या माणसालाही रथ आल्याचे कळते.

माळ करणे हे सोपे काम वाटते, पण तसे नाही. झेंडू सुईने ओवतात. सुई फुलाच्या देठातून नेमकी मधोमध गेली पाहिजे, नाही तर माळ वाकडी लोंबते. मोगरा ओवत नाहीत, गाठी मारून बांधतात. पूर्वी केळीच्या सोपटाचा धागा घेत. तो ओला असला की फूलही ताजे राहायचे. हल्ली दोरा वापरतात, कुठे कुठे प्लास्टिकचासुद्धा. दोरा स्वस्त पडतो हे खरे, पण त्याचे काय होते ते शेवटी पाहू. रथावर चढवायची माळ लांब असते, म्हणून तिला दोरी जाड लागते. माळा आदल्या रात्री केल्या तर सकाळी पाणी शिंपडून ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्या लागतात. चैत्रातल्या उन्हात फूल दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून फूलवाल्यांची खरी घाई दुपारी असते. रथ संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघणार आणि फुले त्या वेळी टवटवीत हवीत, मग काय करणार? हात चालवायचा, दुसरे काही नाही. या कामात बायका पुष्कळ असतात. एकीची सुई दुसरीच्या सुईशी शर्यत लावते.

आता रथ ओढतात कोण ते बघा. रथाला बैल नाहीत, घोडे नाहीत, इंजिन नाही. माणसे दोर धरून ओढतात. रामरथाचा मान रास्ते आखाडा तालीम संघाकडे आणि गरुडरथाचा मान अहिल्याराम व्यायामशाळेकडे आहे. तालीम म्हणजे पहिलवानांची कसरतीची जागा. दंड बैठका काढलेली, मातीत कुस्ती खेळलेली माणसे इथे लागतात, कारण हे नुसते जोराचे काम नाही. जोर तर लागतोच. पण रथ एकदा चालू लागला की त्याला थांबवणे हे ओढण्यापेक्षा अवघड. उतारावर रथ आपल्याच वजनाने पुढे येतो. दोर ढिला पडला की पुढच्या माणसाच्या पायात अडकतो. एकाने ‘हो’ म्हटले आणि दुसऱ्याने ऐकले नाही, तर चाकाखाली पाय जायला वेळ लागत नाही. म्हणून दोराला पुष्कळ हात असले तरी हुकूम एकाचाच चालतो. रथाजवळ धुरा सांभाळणारी माणसे वेगळी असतात. दोर रथाला पुढे नेतो, धुरा त्याला दिशा देते. जुन्या पंचवटीतल्या अरुंद वळणावर ही मंडळी किती सावध असतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. पण फार जवळ जाऊ नका!

रामरथात रामाच्या भोगमूर्ती असतात. भोगमूर्ती म्हणजे बाहेर काढता येतात अशा उत्सवाच्या मूर्ती. गाभाऱ्यातली मोठी मूर्ती जागची हलत नाही. गरुडरथ पुढे चालतो आणि रामरथ त्याच्या मागून. आणखी एक गोष्ट इथे दिसेल. रथापुढे पुजारी घराण्यातले मानकरी चालतात, ते उलटे. म्हणजे तोंड रथाकडे, पाठ रस्त्याकडे, हात जोडलेले. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून सगळी वाट अशी मागे मागे चालायची. रस्त्यावर खड्डे काय कमी असतात? पण चालतात खरे.

मंदिराच्या पूर्व दरवाजातून रथ निघतात. नागचौकाकडून गणेशवाडीला येतात, आणि तिथून गोदावरीच्या काठी गौरी पटांगणाकडे. इथे दोन्ही रथांची ताटातूट होते. रामरथ नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. गरुडरथ मात्र पलीकडे जुन्या नाशकात जातो. दिल्ली दरवाजा, भद्रकाली, सराफ बाजार अशी त्याची फेरी होते. जुन्या गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना पलीकडे जाववत नाही, त्यांच्या दारात रथ येतो. बायका दारात सडा घालतात, रांगोळी काढतात, पंचारती घेऊन उभ्या राहतात. माडीवरून फुले टाकतात. फेरी झाली की गरुडरथ परत नदीकाठी येतो, आणि मग रामकुंडावर देवांना स्नान घालतात. उत्सव संपल्यावरच्या या स्नानाला अवभृथ स्नान म्हणतात. ‘अवभृथ’ हा शब्द कठीण आहे, तो आज वाचता आला नाही तरी चालेल. स्नान झाल्यावर रथ रात्री उशिरा मंदिराकडे परततात.

मिरवणुकीत फुलांनी मढवलेले रथ काढण्याची हौस आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तिथे पॅसाडीना गावात दर वर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते. तिला रोझ परेड म्हणतात. रोझ म्हणजे गुलाब. ती १ जानेवारी १८९० रोजी सुरू झाली. अमेरिकेच्या पूर्व भागात त्या दिवसांत बर्फ पडलेले असते, आणि पॅसाडीनात गुलाब फुललेले. आमच्या गावची हवा किती चांगली ते जगाला दाखवू, असे तिथल्या वॅली हंट क्लब नावाच्या मंडळाने ठरवले. पहिल्या वर्षी घोडागाड्या फुलांनी सजवल्या होत्या. आता मोठमोठे चित्ररथ असतात आणि ते इंजिनावर चालतात. तिथला नियम मोठा कडक आहे. चित्ररथाचा जेवढा भाग डोळ्यांना दिसतो तेवढा सगळा फुलांनी, पानांनी, बियांनी, नाही तर झाडाच्या सालीने झाकलेला पाहिजे. रंग लावून भागत नाही. पांढरा रंग हवा तर तांदूळ चिकटवा, काळा हवा तर काळ्या बिया चिकटवा! डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत शेकडो माणसे रात्रंदिवस हेच करीत असतात. एक तारखेला रविवार आला तर मिरवणूक सोमवारी, दोन तारखेला निघते.

या पॅसाडीनातली एक हकिगत आम्हांला इथे सांगितलीच पाहिजे. १९५७ साली तिथल्या नगरपालिकेत काम करणाऱ्या जोन विल्यम्स या बाईंची निवड झाली. १९५८ च्या मिरवणुकीत नगरपालिकेच्या चित्ररथावर त्या बसणार होत्या. बाईंचा वर्ण उजळ होता. पुढे लोकांना कळले की ही बाई कृष्णवर्णीय समाजातली आहे. झाले! बरोबरची माणसे बोलेनाशी झाली. पैसे नाहीत म्हणून या वर्षी नगरपालिकेचा चित्ररथच काढायचा नाही, असे त्यांना सांगण्यात आले. बाई घरी राहिल्या. पुढे सत्तावन्न वर्षे गेली. १ जानेवारी २०१५ रोजी मिरवणुकीतल्या सर्वांत पुढच्या चित्ररथावर जोन विल्यम्स यांना बसवले. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. २०१९ साली त्या वारल्या.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली माणसे अशी कशी? पण नाशिकचे काय झाले होते ते आधी वाचू आणि मग बोलू.

मघाशी मंदिराचे चार दरवाजे ध्यानात ठेवायला सांगितले होते. १९३० साली हे चारही दरवाजे काही माणसांना बंद होते. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांना आत जाऊन दर्शन घेता येत नसे. ही माणसे नाशिक जिल्ह्यातलीच. याच रामाचे नाव घेणारी. पण दरवाज्याच्या आत पाऊल टाकायचे नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशकात सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजार लोक जमले होते. चार-चारांच्या रांगेने मिरवणूक मंदिराकडे निघाली, ती जवळजवळ मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे लावून घेतलेले होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारही दरवाज्यांशी बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्याच महिन्यात १२ तारखेला गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीकडे निघाले, म्हणून देशाचे लक्ष तिकडे गेले. पण नाशिकचे सत्याग्रही दरवाज्यातून उठले नाहीत.

सत्याग्रहाची नाशकातली बाजू भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांनी सांभाळली. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. हे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीससुद्धा पुरे नव्हते. त्यांच्याबरोबर अमृतराव रणखांबे आणि आणखी पुष्कळ मंडळी होती.

अशात रथाचा दिवस आला, ९ एप्रिल १९३०. रथ कसा काढायचा? दरवाज्याशी सत्याग्रही बसलेले. शेवटी दोन्ही बाजूंनी बसून तडजोड केली. रथ दोन्ही बाजूंच्या बळकट माणसांनी मिळून ओढायचा, असे ठरले. देवळाच्या आत जायचे नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, नुसता दोर धरायचा. विचार करा, मागणे केवढे लहान होते! रथ रस्त्यावर असतो, दोर त्याहून पुढे असतो. त्या दोरालाही हात लावायचा तर तडजोड करावी लागली.

दुपारपर्यंत मंदिरापुढे हजारो लोक जमले. बाबासाहेब आपली निवडक माणसे घेऊन दरवाज्याजवळ उभे होते. पण त्यांच्या माणसांचा हात दोराला लागण्याच्या आतच दुसऱ्या बाजूने रथ ओढून पळवला. एका अरुंद, काट्याकुट्यांच्या गल्लीत नेला. गल्लीच्या तोंडाशी हत्यारबंद पोलीस उभे होते. दिलेला शब्द दोन मिनिटेही टिकला नाही. तेव्हा कद्रेकर नावाच्या एका धाडसी तरुणाने पोलिसांची फळी फोडली. त्याच्यामागून शेकडो लोक रथामागे धावले. वरून दगडांचा पाऊस पडत होता. तशात त्यांनी रथ गाठला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन खाली पडला. बाबासाहेबांवर दगड येऊ नयेत म्हणून लोकांनी त्यांच्या डोक्यावर छत्र्या धरल्या, तरी त्यांना थोडे लागलेच. घडले ते सगळे बाबासाहेबांनी पत्र लिहून मुंबईच्या गव्हर्नरला कळवले.

पुढे मंदिर पुष्कळ दिवस बंद राहिले. दुसऱ्यांना आत घेण्यापेक्षा स्वतःही आत न जाणे काही लोकांना बरे वाटले. सत्याग्रह मात्र थांबला नाही, तो १९३४ सालापर्यंत चालू होता. गावागावांत सत्याग्रहींना त्रास झाला. ज्याची रोजची भाकर दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून, त्याने सत्याग्रहाला जाणे म्हणजे काय हे आम्ही तुम्हांला वेगळे सांगायला नको. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितले. ते पत्र आजही वाचायला मिळते. त्यात त्यांनी कारण दिले आहे. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा सत्याग्रह केला नव्हता, तर त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावे म्हणून केला होता, आणि ते काम झाले आहे, असा त्याचा आशय आहे. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी, असेही त्यांनी लिहिले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पुरा झाला. नाशिकचा दरवाजा उघडला असता तर पुढचे सगळे निराळे झाले असते का, हे कोण सांगणार? पण दोराची गोष्ट येवल्याच्या वाटेवरची आहे, एवढे खरे.

स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ साली, मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. १९५० साली घटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. काळारामाचे दरवाजे आज सर्वांना उघडे आहेत. १९५५ साली यासाठी आणखी एक कायदा झाला. त्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात मिरवणुकीचा उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धार्मिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मिरवणुकीत भाग घेऊ दिला नाही, किंवा मिरवणूक काढू दिली नाही, तर तो गुन्हा आहे. त्याला कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद, आणि १०० ते ५०० रुपये दंड आहे. असा प्रसंग कोणाच्या गावी आला, तर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून द्यावी, आणि दिलेल्या तक्रारीची प्रत मागून घ्यावी. तोंडी सांगून येऊ नये. कागदावर काय लिहिले आहे ते अंगठा उठवण्याआधी वाचून घ्यावे. आता तर तुम्हांला सही करता येते.

रथाचे पुढे काय होते तेवढे सांगायचे राहिले. रात्री रथ मंदिरात परत येतात तेव्हा फुले सुकलेली असतात. काही माळा लोक प्रसाद म्हणून घेऊन जातात. उरलेल्या फुलांना निर्माल्य म्हणतात. ते पूर्वी सरळ गोदावरीत सोडत. फुले आणि केळीचे सोपट पाण्यात कुजून जात, तेव्हा फारसे बिघडत नसे. आता फुले मणांनी येतात आणि दोरा प्लास्टिकचा असतो. फूल कुजते, दोरा तसाच राहतो. माशांच्या पोटात जातो, घाटाच्या पायरीला अडकतो. त्यापेक्षा निर्माल्य खड्ड्यात टाकावे. आधी दोरे ओढून काढावेत. झेंडूचे खत चांगले होते. वर थोडी माती आणि शेण पसरावे, अधूनमधून पाणी मारावे आणि हाताने उलटसुलट करावे. पावसाळ्याच्या तोंडाशी ते परसातल्या वेलांना घालता येते.